ओळंबा, काळा दगड आणि पृथ्वीचं वजन : नववीच्या प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४, सोमवार

जानेवारीअखेरच्या विज्ञान प्रदर्शनासाठी विषय पक्का झाला: गुरुत्वाकर्षण. धडा खरं तर दहावीचा, पुस्तकात पहिलाच. पण दहावीची मुलं सराव परीक्षांत बुडालेली, म्हणून नववीतली चार उत्साही डोकी गोळा केली.

पहिली सूचना अर्थातच थर्माकोलची सूर्यमाला. नको म्हटलं. दरवर्षी तीच असते, आणि तिच्यातले ग्रह तारेला लटकवलेले असतात. म्हणजे ग्रह ज्या गोष्टीमुळे सूर्याभोवती टिकून आहेत, नेमकी तीच गोष्ट त्या मॉडेलात नसते.

दुसरी सूचना ताणलेल्या कापडाची: मधोमध जड गोळा ठेवायचा आणि भोवती गोट्या सोडायच्या. सोलापूरच्या पूर्व भागातली शाळा, भोवती यंत्रमाग, कापडाला तोटा नाही. मुलांचा जीव त्याच्यावर अडकलाय. नंतर बघू म्हणून बाजूला ठेवलं.

ठरलं ते असं: शाळेच्या जिन्यात पृथ्वी तोलायची. अट एकच. फलकावरचा प्रत्येक आकडा एकतर आपण मोजलेला हवा, नाहीतर तो कोणी आणि कसा मोजला हे आपल्याला सांगता यायला हवं.

५ डिसेंबर, गुरुवार

फळ्यावर मांडणी केली. न्यूटननं १६८७ मध्ये मांडलेला नियम: कोणत्याही दोन वस्तू एकमेकींना ओढतात, वस्तुमान वाढलं की ओढ वाढते आणि अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई होते. यातून जमिनीवर पडणाऱ्या वस्तूचं त्वरण, म्हणजे आपलं ‘जी’, तीन गोष्टींवर ठरतं: पृथ्वीचं वस्तुमान, पृथ्वीची त्रिज्या आणि गुरुत्व स्थिरांक (ओढ मुळात किती जोराची हे सांगणारा, सगळीकडे सारखाच आकडा). त्रिज्या सरासरी ६,३७१ किमी. ‘जी’ आपण लोलकानं मोजणार. उरला स्थिरांक.

तो कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाकडून उसना घ्यायचा. त्यानं १७९८ मध्ये एक आडवी दांडी बारीक तारेला टांगली, टोकांना शिशाचे लहान गोळे लावले आणि त्यांच्याजवळ प्रत्येकी दीडशे किलोहून जड असे दोन मोठे गोळे आणले. दांडी किंचित वळली. वाऱ्याच्या झुळकीनं प्रयोग बिघडेल म्हणून तो खोलीबाहेर थांबून दुर्बिणीतून पाहत असे. खरी गंमत ही की त्याला स्थिरांक नकोच होता, त्याला पृथ्वीची घनता हवी होती. उत्तर आलं पाण्याच्या ५.४८ पट. आजचा आकडा ५.५१ आहे.

अंबिकानं विचारलं, “शिशाचे गोळे एकमेकांना ओढतात, मग दोन बाकं का सरकत नाहीत ओ मॅडम?” ओढतात, पण ही ओढ फार दुबळी. चुंबकाचा एवढासा तुकडा टाचणी उचलतो तेव्हा खालून अख्खी पृथ्वी त्या टाचणीला खेचत असते, तरी चुंबक जिंकतो. गुरुत्वाकर्षणाचा दरारा आहे तो ढिगामुळे. त्यात उणं-अधिक असं काही नसतं, त्यामुळे ते कशानं खोडलं जात नाही. माल जमेल तसं साठतच जातं.

९ डिसेंबर, सोमवार

लोलकासाठी गवंड्याचा पितळी ओळंबा आणला. आधी सूत बांधून पाहिलं. मागावरचं सूत पीळ सोडतं, ओळंबा स्वतःभोवतीच गरगरतो, आणि तासाभरात दोरा लांबतो तो वेगळाच. श्रीनिवासचे वडील मागावर जॉबर आहेत, म्हणजे मागांची देखभाल करतात. त्यांनी येऊन पाहिलं, “सूत कशाला मॅडम, ताण घेणारं काहीतरी लावा की,” म्हणाले, आणि बारीक पोलादी तार घेऊन आले. वरच्या मजल्याच्या कठड्याला लोखंडी अँगल घट्ट आवळून तार त्याच्या दोन पट्ट्यांत चिमटली. तार खिळ्याला नुसती गुंडाळली तर झोक्यागणिक टांगण्याचा बिंदू हलतो. चिमटली की हलत नाही.

अडचण निघाली ती शेजारची. शाळेच्या भिंतीला लागूनच यंत्रमागाचा कारखाना. धोटा इकडून तिकडे आपटला की जिना थरथरतो आणि ओळंब्याचं टोक स्थिर असतानाही बारीक कापत राहतं. मुलांना इतक्या वर्षांत हे कंपन जाणवलंच नव्हतं, ओळंब्यानं दाखवलं.

१२ डिसेंबर, गुरुवार

दुपारी लाइट गेली. माग बंद, पंखे बंद, सगळे जिन्याकडे पळाले.

ओळंब्याचा गुरुत्वमध्य नेमका कुठे आहे हे पट्टीनं सांगता येत नाही. ओळंबा निमुळता आहे आणि आतून पोकळ आहे का तेही कळत नाही. म्हणून दोन लांब्या घेतल्या, एक मोठी आणि दुसरी बरोबर २.५० मीटरनं कमी. कालावधीचा वर्ग लांबीच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा दोन वर्गांची वजाबाकी केली की ओळंब्याच्या आत काय आहे हा प्रश्नच गळून पडतो. ही युक्ती शाळांत फारशी वापरत नाहीत, वापरायला हवी.

झोका लहान ठेवला, मोजणी ओळंबा मधून जाताना केली (टोकाला तो रेंगाळतो, तिथे बोट चुकतं). मोठ्या लांबीला ५० आंदोलनांना २०२.४ सेकंद, लहान लांबीला १२५.४. म्हणजे कालावधी ४.०४८ आणि २.५०८. वर्गांतला फरक १०.०९६. यावरून ‘जी’ आलं ९.७८, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.७८ मीटर प्रति सेकंदानं वाढतो.

मुलं नाचली, कारण सोलापूरच्या अक्षांशाला आणि उंचीला सूत्रानं हिशेब केला तरी ९.७८ च येतं. मला मात्र स्टॉपवॉचच्या बटणाची काळजी. बोटाची चूक ०.२ सेकंद धरली तर आपला आकडा ०.०४ नं इकडेतिकडे होऊ शकतो. विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवावर ९.८३, आपल्या लोलकाला हा फरक जेमतेम कळेल. फलकावर हे लिहायचंच. तौफिकला ते पटेना, “मग गुण कमी होतील.” होऊ देत.

१३ डिसेंबर, शुक्रवार

गुणाकार-भागाकार. पृथ्वीचं वस्तुमान आलं ५९५ आणि त्यापुढे २२ शून्यं, इतके किलो. मान्य आकडा ५९७. आकारमानानं भागलं की घनता ५.४९, म्हणजे सरासरी एक घन सेंटीमीटर पृथ्वी साडेपाच ग्रॅमची.

हा आकडा नुसता बघून काही वाटत नाही. म्हणून मुलांना सांगितलं, सोमवारी येताना एक दगड आणा. आपल्या पायाखालचा, काळा.

१६ डिसेंबर, सोमवार

दगडांचा ढीग जमला. त्यातला विहिरीच्या खोदाईतला एक अभंग, भोकं नसलेला तुकडा निवडला. हा दख्खनचा बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा थरांवर थर पसरत गेला, त्यातलाच.

मोजणी किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर. दगडाचं वजन १,४८२ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याची बादली ठेवून आकडा शून्य केला आणि दगड दोऱ्यानं पाण्यात सोडला, तळाला न टेकवता. बादलीला कुणी हात लावला नाही, पाणी ओतलं नाही, तरी काटा ५१५ ग्रॅम दाखवतो! दुकानदारही गल्ला सोडून बघायला आले. दगड पाण्याला जेवढं वर सारतो तेवढ्या पाण्याचा भार काट्यावर येतो, म्हणून ५१५ ग्रॅम म्हणजेच ५१५ घन सेंटीमीटर, दगडाचं आकारमान. घनता २.८८.

आता दोन आकडे शेजारी ठेवले. पायाखालचा दगड २.८८, अख्खी पृथ्वी ५.४९. सगळी पृथ्वी या दगडाची असती तर तिचं वस्तुमान जवळपास निम्मंच भरलं असतं. म्हणजे खोलवर काहीतरी फार जड असणार. खोलवर दाबानं दगड आवळला जातो हे खरं, पण तेवढ्यानं भागत नाही. “लोखंड?” श्रीनिवासच म्हणाला. लोखंडाची घनता ७.९ च्या आसपास, आणि पृथ्वीच्या पोटातल्या दाबाखाली त्याहून बरीच जास्त. भूकंपलहरींवरून गाभ्याची त्रिज्या सुमारे ३,४८० किमी निघते, बहुतेक लोखंड आणि थोडं निकेल. बाहेरचा गाभा वितळलेला, आतला घट्ट. आतल्याचा छडा इंगे लेमान या डॅनिश बाईंनी १९३६ मध्ये लावला.

लोखंड मधे कसं गेलं? कोवळी पृथ्वी तापून वितळली होती, तेव्हा जड ते खाली बुडालं, हलकं ते वर तरंगलं. आपला अभेद्य काळा पत्थर म्हणजे पृथ्वीच्या दुधावरची साय. हे सगळं एक ओळंबा, एक बादली आणि किराण्याचा काटा यांवरून कळतं, यावर माझा अजून पुरता विश्वास बसत नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

प्रश्न अंबिकाचा: ग्रह सगळे गोलच का? आणि डोंगर किती उंच होऊ शकतो?

दगडाचाच हिशेब लावला. या बेसॉल्टचा सरळ १० किमी उंच खांब उभा केला तर पायथ्याच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर २,८८० किलो भार येतो. चांगला बेसॉल्ट दाबयंत्रात साधारण १,००० ते ३,००० किलोच्या दरम्यान फुटतो. म्हणजे दहा किलोमीटरच्या आसपास दगड स्वतःच्याच भारानं चिरडायला लागतो. डोंगर खांबासारखा सरळ नसतो, पायथ्याशी रुंद असतो, त्यामुळे हिशेब ढोबळ आहे. पण एव्हरेस्ट ८,८४९ मीटर आणि हवाईचा मौना किया समुद्रतळापासून मोजला तर १० किमीहून थोडा जास्त, तोही बेसॉल्टचाच. मंगळावर ‘जी’ फक्त ३.७१, तिथे हाच खांब २६ किमीपर्यंत जाईल. तिथला ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी सुमारे २२ किमी उंच आहे. दगड तोच, ओढ कमी.

फार उंच काही टिकत नाही, म्हणून मोठा ग्रह गोल राहतो. उलट दिशेनं गेलं तर वस्तू इतकी लहान होते की दगडाचा कणखरपणा जिंकतो आणि गोल व्हायची सक्तीच राहत नाही. मंगळाचा चंद्र फोबोस २२-२३ किमीचा, आकार बटाट्याचा. व्हेस्टा हा लघुग्रह सव्वापाचशे किमीचा आणि तरी पुरता गोल नाही. शनीचा मिमास चारशेचाच, पण बर्फाचा, म्हणून गोल झाला. बटुग्रह सेरेस ९४० किमी, गोल.

आता ओळंब्याची पुढची गोष्ट. ओळंबा पृथ्वीच्या मध्याकडे बोट दाखवतो असं आपण म्हणतो. जवळ डोंगर असेल तर त्याच्याकडेही तो किंचित झुकतो. एकोणिसाव्या शतकात भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कल्याणपूर आणि हिमालयाच्या बाजूचं कलियाना यांतलं अंतर दोन पद्धतींनी मोजलं, एकदा जमिनीवर त्रिकोण आखून आणि एकदा ओळंब्याच्या आधारे तारे पाहून, तेव्हा सुमारे सव्वापाच विकलांचा फरक आला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). कलकत्त्याचे आर्चडीकन (चर्चमधले वरिष्ठ धर्माधिकारी) प्रॅट यांनी हिमालयाची ओढ हिशेबात घेतली, तर उत्तर आलं त्याच्या तिपटीच्या आसपास! इतका मोठा हिमालय, पण ओढतो कमी. १८५५ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी सुचवलं की डोंगराला खाली हलक्या खडकाचं मूळ असतं आणि डोंगर जड थरावर तरंगतो. पुढे याच सर्वेक्षणातले कॅप्टन बसेवी लोलक घेऊन देशभर हिंडले आणि १८७१ मध्ये लडाखच्या पठारावर मोजणी करतानाच वारले. मुलांना हा माणूस फार आवडला. फलकावर त्यांच्यासाठी वेगळी चौकट आहे.

२८ डिसेंबर, शनिवार

शहरातल्या एका हौशी निरीक्षकांच्या छोट्या दुर्बिणीतून गुरू पाहिला. याच महिन्यात तो सूर्याच्या बरोबर समोर येऊन गेला, त्यामुळे ठसठशीत दिसतो. त्याचे चारही मोठे चंद्र एका रेषेत. मुलांना सांगितलं, हाही आपला ओळंबाच. त्यांतला आयो गुरूपासून ४,२२,००० किमीवर राहून साडेबेचाळीस तासांत फेरी मारतो. एवढं माहीत असलं की गुरूचं वस्तुमान निघतं. काढलं: पृथ्वीच्या ३१८ पट. घनता मात्र १.३३, आपल्या दगडाच्या निम्मीही नाही. एवढा अजस्र ग्रह, पण त्याच्यावर उभं राहायला जमीन नाही.

गुरू नीट पाहिला तर थोडा चपटा दिसतो. दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे कंबर सुटलेली. पृथ्वीचीही सुटली आहे, २१ किमीनं. ते पहिल्यांदा घड्याळानं दाखवलं: १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ रिशे पॅरिसहून लोलकाचं घड्याळ घेऊन विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तर ते दिवसाला अडीचेक मिनिटं मागे पडू लागलं.

परतताना तौफिकचा प्रश्न: चंद्रामुळे समुद्राला भरती येते, मग सिद्धेश्वर तलावाला का नाही? कारण भरती ओढीमुळे नाही, ओढीतल्या फरकामुळे येते. समुद्राच्या एका काठापासून दुसऱ्यापर्यंत हजारो किलोमीटर, तलावाला काही शे मीटर. तेवढ्यात फरक कसला पडणार. उलट घट्ट वाटणारी सोलापूरची जमीनच चंद्र-सूर्यामुळे रोज काही इंच वरखाली होते, सोबत शाळा, तलाव, सगळंच, म्हणून कळत नाही. आयोवर गुरूमुळे हीच वरखाली ओढाताण इतकी जबरदस्त की त्याचं पोट तापून ज्वालामुखी सतत फुटत असतात. व्हॉयेजर-१ नं १९७९ मध्ये ते पाहिले.

३१ डिसेंबर, मंगळवार

काल रात्री इस्रोनं स्पेडेक्स मोहिमेचे, अंतराळात एकमेकांना जोडून पाहायचे दोन उपग्रह सोडले. आज वर्गात दुसरा विषयच नाही. “वर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून ते पडत नाहीत,” हे उत्तर अर्ध्या वर्गानं दिलं. हिशेब करायला लावला: ४७० किमीवर ‘जी’ सुमारे साडेआठ. फार काही कमी झालेलं नाही. ते पडतच असतात. फक्त सेकंदाला ७.६ किमी आडवे धावतात, त्यामुळे ते जेवढे खाली येतात तेवढीच जमीनही खाली वळते.

आता गंमत. मागच्या उपग्रहाला पुढच्याला गाठायचं असेल तर वेग वाढवून उपयोग नाही. वेग वाढवला की तो वरच्या कक्षेत जातो आणि तिथली फेरी लांब पडते. आधी वेग कमी करायचा, खाली उतरायचं, खालची फेरी लवकर संपते, मग वर यायचं. श्रीनिवास बराच वेळ वहीत वर्तुळं काढत बसला आणि शेवटी “उलटंच आहे की सगळं” म्हणाला.

८ जानेवारी २०२५, बुधवार

कापडाचा निकाल लावला. तो देखावा मला पटत नाही, कारण त्यातली गोटी खळग्यात जाते ती खालच्या पृथ्वीच्या ओढीमुळे. गुरुत्वाकर्षण समजावताना गुरुत्वाकर्षणच गृहीत धरलं. शिवाय आइन्स्टाइननं १९१५ मध्ये सांगितलेल्या अवकाश-काळाच्या वक्रतेत काळाचा वाटा असतो, आणि रोजच्या पडण्यात तोच मोठा. कापडात काळ कुठे दाखवणार? त्यापेक्षा मोबाइल दाखवा. जीपीएसच्या उपग्रहावरचं घड्याळ उंचीमुळे पुढे पळतं, वेगामुळे थोडं मागे राहतं. एकूण दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे. ते दुरुस्त केलं नाही तर दिवसात दहा किलोमीटरच्या घरात चूक साठेल, आणि रिक्षा सात रस्त्याऐवजी भलतीकडेच.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहणार आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. तिथे गुरुत्वीय लहरी, म्हणजे त्याच अवकाश-काळात उठणारे तरंग, टिपतील. आमच्या जिन्याला शेजारच्या मागाचा त्रास होतो, तर प्रोटॉनच्या आकाराहूनही बारीक हालचाल मोजणाऱ्यांना कंपनं टाळायला काय काय करावं लागत असेल, हे मुलांना आता वेगळं सांगावं लागलं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

गड्ड्याच्या यात्रेमुळे आठवडाभर हजेरी निम्मी. काल सकाळी स्पेडेक्सची जोडणी झाली. फलकावर तारीख घातली.

२५ जानेवारी, शनिवार

प्रदर्शन झालं. लोलकापेक्षा बादलीपुढे गर्दी. एका परीक्षकांनी विचारलं, पृथ्वीच्या मध्यावर ‘जी’ किती? अंबिका म्हणाली, शून्य, सगळ्या बाजूंनी सारखीच ओढ. पण दाब वातावरणाच्या ३६ लाख पट, त्यामुळे जाऊ नका.

पुढचं काम ठरलंय: हाच लोलक महाबळेश्वरला न्यायचा. सोलापूरपेक्षा ९०० मीटरनं उंच, तिथे ‘जी’ दहा हजारात दोन-तीन भाग कमी असायला हवं. ५० आंदोलनांनी ते कळणार नाही, तासभर मोजावं लागेल. आणि तिथे हवा दहा अंशांनी थंड असली तर चार मीटरची पोलादी तार अर्धा मिलिमीटर आखडते. लोलक तेवढा जलद होतो आणि जवळपास निम्मा फरक तारच खाऊन टाकते. मुख्याध्यापकांकडे चांगल्या थर्मामीटरची मागणी लिहून दिली आहे.